४५५८, ५५३२ आणि सोपानआबांचे कान

मार्च संपता संपता आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाचा मोहर गळायला लागतो. रखवालदार तो सकाळी झाडून एका कोपऱ्यात लोटतो आणि दुपारच्या वाऱ्यावर तो पुन्हा पायऱ्यांवर येऊन बसतो. त्याला एक कडसर गोड वास असतो. बारामतीत हा वास आला की समजावं, साखर कारखान्यांचा पट्टा पडायला आला. गळीत संपणार, रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या दिसेनाशा होणार, हवेतला मळीचा वास हळूहळू विरणार आणि गावोगावी जयंतीच्या निळ्या पताका लागणार. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात. मला फिल्म-रोलची एक डबी आठवते.

डबी काळी आहे, झाकण करडं. तिच्यातल्या रोलवरचे फोटो कधीच पिवळे पडले. आता आत चांदीच्या कागदाची एक घडी आहे आणि तिच्यात पाय रुतवून बसलेले दोन काळे किडे. किडे म्हणजे आयसी. प्रत्येकाला आठ पाय, चार इकडे, चार तिकडे. आकार करंगळीच्या नखाएवढा. यांना ऑप-अँप म्हणतात. कॅसेटवरून निघालेला आवाज इतका क्षीण असतो की त्याला स्वतःच्या पायांनी स्पीकरपर्यंत जाता येत नाही. हा किडा त्याला उठवून उभं करतो, मग पुढची मंडळी त्याला उचलून नेतात. एवढंच त्याचं काम. असलं काम करणाऱ्या माणसांना जगात कोणी विचारत नाही, पण या किड्याभोवती मात्र एक पंथ उभा राहिला, आणि एका उन्हाळ्यापुरता मी त्या पंथाच्या बारामती-इंदापूर शाखेचा स्वयंघोषित महंत होतो.

परवा आमच्या इमारतीतल्या एका उत्साही गृहस्थांनी ग्रुपवर फोटो टाकला. परदेशातून चिप मागवून त्यांनी ती आपल्या यंत्रात बसवली होती. खाली लिहिलं होतं, ‘आवाजावरचा पडदा दूर झाला!’ मी फोन उलटा ठेवला. तीस वर्षांत चिपा किती बदलल्या. पडदा तोच आहे.

तेव्हा मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी खात्यात होतो. राहायला बारामतीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. मूळ गाव कळस. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. आमच्या वस्तीतला पहिला डिप्लोमा माझा, त्यामुळे गावात मला उगाचच मान होता, आणि मला तो उगाच वाटत नव्हता. लोकांच्या बडेजावाला हसण्यात मात्र मी तरबेज होतो. एका सत्काराची शाल पुढच्या सत्काराला कशी जाते, याचा मी एकदा चार गावांत माग काढला होता. खुर्चीसाठी रुसलेले पाहुणे, हारासाठी वाकवलेल्या माना, स्वतःच्या नावाआधी स्वतःच ‘मा.’ लिहिणारे पुढारी, हे सगळे माझ्या करमणुकीचे विषय. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या फेट्याला हसणाऱ्याची एक अडचण असते. स्वतःच्या डोक्याकडे त्याला कधी बघता येत नाही.

आमच्या घरातला अँप्लिफायर सोपानआबांनी बनवलेला होता. आबा आमच्याच वस्तीतले. शाळा चौथीपर्यंत, पुढे एका निवृत्त फौजी वायरलेसवाल्याच्या हाताखाली रेडिओ शिकले. इंदापूरला एस.टी. स्टँडच्या मागे त्यांची पत्र्याची टपरी होती. लहानपणापासून ते मला ‘अशक्या’ म्हणत. नोकरी लागल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी ‘अशोकराव’ म्हटलं. मी नको म्हणालो नाही.

यंत्र तयार झालं की आबा त्यावर भाषणाची कॅसेट लावत, गाण्याची नाही. मग टपरीतून उतरून रस्ता ओलांडत, समोरच्या रसवंतीपाशी जात आणि टपरीकडे पाठ करून उभे राहत. डोक्यावरची टोपी काढून हातात घेत. मागून ट्रक जायचे, रसाच्या चरकाचे घुंगरू वाजायचे, कंडक्टर ‘अकलूज, अकलूज’ ओरडायचा, आणि या सगळ्यातून भाषणातला शब्द न् शब्द कळला तर यंत्र पास. नाही तर पुन्हा टेबलावर.

“पाठ का करता, आबा?” मी एकदा विचारलं होतं.

“डोळं लई बोलत्यात, अशोकराव. त्यांच्या फुडं कानाचं काय चालत न्हाय.”

“आणि गाणं का लावत नाही?”

“गानं कशावर बी ग्वाड लागतं. शब्द पोचला पायजे.”

आमच्या गावच्या जयंतीला शब्दाचं महत्त्व फार. वर्षभर शेतावर आणि कारखान्यात राबणारी माणसं त्या दिवशी पांढरे कपडे घालून जमिनीवर बसतात आणि बोलणाऱ्याचं ऐकतात, खरोखर ऐकतात. त्या शब्दांसाठी आबा दर वर्षी लिंबाच्या झाडावर चढून कर्णे बांधत आणि दुसऱ्या दिवशी सोडून घेऊन जात. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी विहाराचा नवा हॉल उभा राहिला होता. पत्र्याचं छप्पर, पक्क्या भिंती, आणि त्यात कायमची ध्वनियंत्रणा बसवायची होती. आबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण त्या फेब्रुवारीत ते मला म्हणाले होते, “जल्मभर बांदलं आन् सोडलं. आता एकदा आसं बांदायचं की सोडायचं न्हाय.”

माझ्या अँप्लिफायरमध्ये त्यांनी आयसी थेट डागली नव्हती. तिच्यासाठी छोटं सॉकेट बसवलं होतं. “उद्या जळाली तर उपसून दुसरी घाला. माझ्याकडं याया नगं.” दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून केलेली ही सोय. तिच्यामुळेच माझ्या अंगात महंत संचारला. पुण्याच्या रद्दीवाल्याकडे मला परदेशी ऑडिओ मासिकांचा गठ्ठा मिळाला. त्यात लिहिलं होतं की साधी ४५५८ काढून ५५३२ घातली की संगीत श्वास घेऊ लागतं. तोपर्यंत माझ्या घरातलं संगीत श्वास न घेता कसं जगत होतं, हा प्रश्न माझ्यासारख्या संशयखोराला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत जाऊन एका गाळ्यातून ५५३२ घेऊन आलो, खिशात, हातरुमालात गुंडाळून.

आमच्या वसाहतीला गुरुवारी सुट्टी असे. कारखाने बंद, त्यामुळे व्होल्टेज तगडं. गुरुवारी सकाळी मी श्रवणाच्या बैठका भरवू लागलो. येणारे दोघे-तिघेच, त्यात बँकेतला एक मित्र हमखास. आधी ४५५८ वर एक तुकडा ऐकायचा. मग मी यंत्र बंद करून माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या केसातली पिन घेई, जुना किडा हळूच उचकटे, नवा बसवी आणि कॅसेट मागे फिरवून तोच तुकडा लावी. मग माझं निरूपण. ‘बघा, पडदा सरकला.’ ‘तबल्याच्या भोवती हवा आहे आता.’ ‘खालचा सूर मखमली झाला.’ मित्र मान डोलवत. मान न डोलवणारा माणूस बैठकीत टिकत नाही, हे मी सत्कारसभांत शंभरदा पाहिलं होतं.

“तुम्हाला फरक कळतो का?” मित्राने एकदा सुनंदाला विचारलं.

“कळतो ना,” ती म्हणाली. “चिप बदलली की यांचा चेहरा बदलतो. आवाजाचं मला माहीत नाही.”

आम्ही हसलो. मी सर्वांत मोठ्याने. कारखान्यात नग तपासणाऱ्याला नगावरचा शिक्का आधी दिसता कामा नये, असा नियम मीच भांडून करून घेतला होता. शिक्का दिसला की मोजमाप शिक्क्याच्या बाजूने झुकतं, हे मी साहेबांना आकडे दाखवून पटवलं होतं. घरी मात्र कोणती चिप बसवली आहे ते मला माहीत असायचं, आणि मी ते मोठ्याने जाहीरही करायचो. फाटकाबाहेर पडलं की तपासणी खातं संपत असावं.

मार्चमधल्या एका गुरुवारी तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या गावचे निवृत्त हेडमास्तर, हॉलच्या समितीचे अध्यक्ष. बारामतीला त्यांचं काम होतं. सोपानआबांना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या यंत्रातून मी काय काढून दाखवतो ते त्यांना दाखवायचं होतं. बँकेतला मित्र होताच. सुनंदाने पोहे केले. मी गावच्या गायन पार्टीची कॅसेट लावली; पेटी, ढोलकी, खंजिरी, आणि वर एक उंच, थोडा फाटलेला गळा.

“कुठली कंची हाय ते सांगू नगा,” आबा म्हणाले. मी सांगितलंच. आबा उठून बाहेर ओट्यावर गेले, टोपी काढली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पहिली झाली, दुसरी झाली. ते आत आले.

“दोन्ही एकच हाय.”

“आबा, दुसरी मुंबईहून आणलेली आहे.”

“आसंल की. पर बोलती तसंच.”

“पुन्हा ऐका. पेटीच्या वर हवा जाणवते का बघा.”

“हवा व्हय?” आबांनी वर पाहिलं. “पंखा चालू हाय तुमचा.”

तात्यांना ठसका लागला. मित्र पोह्यांची बशी खाली ठेवून हसला. सुनंदा स्वयंपाकघरात हसली, ते मला भिंतीतून ऐकू आलं. हसू नेहमी माझ्या बाजूने वाहायची मला सवय होती. मी म्हणालो, “आबा, जन्मभर कर्ण्याखाली उभे राहिलात. कानाचे पडदे ताडपत्रीचे झाले असतील आता.”

हशा लगेच माझ्याकडे परत आला. आबाही हसले, पण सगळ्यांपेक्षा थोडे उशिरा. मग त्यांनी उजव्या कानात करंगळी घालून हलवली, बाहेर काढून पाहिली, आणि धोतराला पुसली. कुणी पाहिलं नसावं. मी पाहिलं.

दुपारी तात्यांना सोडायला स्टँडवर गेलो. शेडमध्ये उभे असताना ते म्हणाले, “हॉलचं काम सोपानला द्यावं म्हणतोय. लई जीव हाय त्याचा त्यात. पुण्याची एक पार्टी पण काम मागतेय. तू शिकलेला. तुझं काय मत?”

मला पक्कं आठवतं की मला राग वगैरे काही नव्हता. मन अगदी शांत होतं. मी म्हणालो, “माणूस सोन्यासारखा आहे, तात्या. फक्त ऐकण्यात आता थोडे कमी पडतात. सकाळी तुम्ही पाहिलंतच.”

‘पाहिलंतच’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. त्यामुळे मत माझं राहिलं नाही, साक्ष त्यांची झाली. तात्यांनी मान हलवली आणि गाडीत चढले. माणसाचं नुकसान करायला आवाज चढवावा लागतो हा गैरसमज आहे. ते काम सभ्य सुरातही उत्तम होतं.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी मी यंत्र साफ करायला घेतलं. सारखं काढून घालून सॉकेटभोवती बोटांचा तेलकटपणा साचला होता. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेतलं आणि पुसू लागलो. ५५३२ वरून बोळा फिरवला तर तो काळा झाला. आयसीचा रंग जात नाही. मी पुन्हा फिरवला. पांढऱ्या अक्षरातला ५५३२ हा आकडा पुसट झाला, पसरला आणि कापसात उतरला. काळा लेपही उतरला. त्याखाली जरा तिरका, राखाडी, जुना आकडा उघडा पडला. ४५५८.

कुणीतरी जुन्या, स्वस्त चिपेवर रंग फासून वर महाग आकडा छापला होता. आणि मी त्या रंगातून पडदा सरकताना, हवा खेळताना, मखमल उलगडताना ऐकलं होतं. आबांनी पाठ करून ऐकलं होतं. त्यांना रंग दिसला नव्हता. दोन्ही एकच होत्या.

प्रामाणिकपणे लिहायचं तर माझी पहिली भावना त्या गाळेवाल्याबद्दलच्या संतापाची होती. दुसरी, कुणी पाहिलं तर नाही ना, ही. सुनंदा बाहेर गहू वाळत घालत होती. मी बोळा कागदात गुंडाळून कचऱ्यात अगदी खाली दडपला. सोपानआबांची आठवण यायला संध्याकाळ झाली. ती आल्यावर मी ठरवलं की उद्या तात्यांना निरोप धाडायचा. हे ठरवल्याने मला इतकं बरं वाटलं की प्रत्यक्ष निरोप धाडण्याची निकड उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आबा उभे. दोन्ही कानांत कापूस.

“डागदरकडं आलतो,” ते म्हणाले आणि कापूस काढून खिशात ठेवला. “थोडा मळ निघाला. म्हनला, कान चांगलं हायती वयाच्या मानानं. म्हनलं, आलोच हाय तर एकदा परत ऐकावं. लावता का दोन्ही?”

इंदापूरहून सकाळची गाडी पकडून माणूस कान धुवायला बारामतीला आला होता. का, ते मला ठाऊक होतं. त्यांना गाणं ऐकायचं नव्हतं. त्यांना हॉल हवा होता.

त्या क्षणी सांगता आलं असतं. वाक्य अगदी छोटं होतं, आणि ते त्यांचंच होतं: दोन्ही एकच आहेत. मी म्हणालो, “बसा, लावतो.”

यंत्रापुढे मी असा बसलो की त्यांना माझी पाठ दिसावी आणि पुसलेली चिप दिसू नये. एक बसवली. तुकडा वाजला. ती काढली, दुसरी बसवली. तोच तुकडा, तोच फाटका उंच गळा. मग मी वळलो. आबा या वेळी बाहेर गेले नव्हते, पाठ केली नव्हती. ते खुर्चीच्या कडेवर बसून, टोपी मांडीवर धरून, सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होते.

“व्हय,” ते म्हणाले. “हाय फरक.”

मी कॅसेट बंद केली.

“दुसरी जरा...” त्यांनी शब्द शोधला, आणि तो माझाच निघाला. “हवा हाय तिच्यात.”

आणि मी म्हणालो, “मी म्हणत नव्हतो?”

तीन शब्द. आयुष्यात मी बरंच वाईट बोललो असेन, पण हे तीन शब्द मला जसेच्या तसे, त्या सकाळच्या उन्हासकट पाठ आहेत. या माणसाचे कान तालुक्यात सर्वांत खरे होते. ते त्याने माझ्यासमोर काढून ठेवले, आणि मी ते उचलून खिशात घातले.

चपला घालताना आबा म्हणाले, “तात्या उद्याच्याला पुन्याला जायाचं म्हनत हुतं.”

“हो का,” मी म्हणालो.

 त्यांनी टोपी सारखी केली आणि ते गेले. ओट्यावर शेजारच्या कडुलिंबाचा मोहर पडला होता. त्यांच्या चपलांचे ठसे त्यात स्टँडच्या दिशेने उमटलेले मला दुपारपर्यंत दिसत होते.

जयंतीला मी कळसला गेलो. हॉलमध्ये पुण्याच्या पार्टीचे, माणसाच्या उंचीचे काळे डबे उभे होते. पत्र्याखाली आवाज घुमला की तो पुन्हा खाली येऊन स्वतःवरच आदळत होता. तात्या चाळीस मिनिटं बोलले. मला त्यातलं ‘बंधूंनो’ कळलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मागची म्हातारी माणसं कानामागे हात धरून पुढे वाकली होती आणि न कळताही टाळ्यांच्या वेळी टाळ्या वाजवत होती. मी बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली आबा उभे होते, हॉलकडे पाठ करून, टोपी हातात. त्या वर्षी झाडावर कर्णे नव्हते.

भाषण संपवून तात्या घाम पुसत आमच्याकडे आले. “कसं वाटलं रे सोपान?”

“मला काय इचारता?” आबा म्हणाले. “अशोकरावांना इचारा. त्यास्नी कळतं.”

त्यात टोमणा असता तर मला आधार वाटला असता. टोमणा नव्हता. तात्या माझ्याकडे वळले.

“चांगलं आहे,” मी म्हणालो.

त्यानंतर आबांनी अँप्लिफायर बनवला नाही. टपरीवर मोटारींचं रिवाइंडिंग सुरू केलं. मी एकदा कंपनीच्या बसमधून पाहिलं, एक जळकी मोटार पुढ्यात घेऊन ते तांब्याची तार गुंडाळत बसले होते. तारेचे वेढे मोजता येतात. त्याला कुणाच्या कानावर विश्वास ठेवावा लागत नाही. माझ्या श्रवणाच्या बैठका पाऊसकाळ सुरू होण्याआधीच बंद पडल्या. मित्राने कारण विचारलं तेव्हा वेळ मिळत नाही म्हणालो. पुढे सीडी आल्या, बदली झाली, निवृत्ती झाली. मधली काही वर्षं मी स्वतःला ‘फसवला गेलेला माणूस’ म्हणून खपवलं. तसा मी होतोही, त्या दुपारी बोळा काळा होईपर्यंत. त्यानंतरच्या सकाळचं काय करायचं, ते मात्र त्या गाळेवाल्यावर ढकलता येईना. त्याने चिपेवर रंग लावला होता. माझं तोंड त्याने रंगवलं नव्हतं.

लाज जुनी झाली की तिचं दुःख होतं, असं वाचलं आहे. माझ्या अनुभवाला ते आलं नाही. दर वर्षी मोहर गळायला लागला की ती ताजी निघते. दर वर्षी मी डबी काढतो, उघडतो, त्या तिरक्या राखाडी आकड्याकडे बघतो आणि परत ठेवतो. हा एक प्रकारचा सत्कारच म्हणायचा. शाल तीच, दर वर्षी.

यंदा ग्रुपवर तो पडदा दूर झाला, आणि मी डबी खिशात घालून कळसची गाडी पकडली.

आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. घरासमोरच्या पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. सून अंगणात पापड वाळत घालत होती. पलीकडच्या घरी चारजण पताका लावत होते. मला पाहून आबा हसले. “या, अशोकराव.” मी शेजारी बसलो आणि गाडीत तयार केलेलं वाक्य खालच्या आवाजात म्हटलं.

“जोरात बोला,” सून म्हणाली. “आबास्नी आता काय बी ऐकू येत न्हाय. मशीन आनलं हुतं, लावत न्हाईत. म्हनत्यात, खरखरतं.”

मी जरा मोठ्याने म्हणालो. आबांनी कानामागे हात धरला. “आं?”

तीस वर्षं जे मनातल्या मनात कुजबुजलं होतं, ते आता ओरडून सांगायचं होतं. मी डबी उघडून दोन्ही किडे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि ओरडलो, “आबा, दोन्ही एकच होत्या! तुमचं बरोबर होतं!”

पताका लावणारे थांबले. सुनेचा हात पापडावर थांबला.

आबांनी चिपा बोटाने उलट्यासुलट्या केल्या. “व्हय,” ते म्हणाले. “म्या तेच म्हनलो हुतो.” मग थोडं थांबून, “दुसऱ्या येळंला खोटं बोललो मी. फरक न्हवता. पर तुमी लई आशेनं बगत हुता माझ्याकडं.”

म्हणजे इतकी वर्षं त्यांनीही काहीतरी बाळगलं होतं. माझ्याशी खोटं बोलल्याचं. त्यांनी माझ्या तोंडावर आशा वाचली होती. ती भीती होती. डोळे लई बोलत्यात, आणि तेही खोटं.

“तुमास्नी कवा कळलं?” त्यांनी विचारलं.

सुटका इथेही होती. ‘नंतर’ म्हटलं असतं तरी चाललं असतं; तेही खोटं नव्हतं. मी ते म्हटलंही, पुटपुटत. आबांनी पुन्हा कानामागे हात धरला. “आं?” आणि दुसऱ्यांदा ओरडायचं म्हटल्यावर ‘नंतर’ हा शब्द तोंडातून निघेना.

“तुम्ही कान साफ करून आलात ना,” मी ओरडलो, “त्याच्या आदल्या दिवशी! मला माहीत होतं! तात्यांना मी सांगितलं होतं की तुम्हाला ऐकू येत नाही!”

या वेळी त्यांना सगळं ऐकू आलं. साऱ्या आळीला आलं.  अंगठ्याने आबांनी एकीची पाठ घासली, जिच्यावरचा रंग मी पुसला होता तिची. मग दोन्ही चांदीच्या कागदात खोचल्या, डबीचं झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली.

“न्या ह्ये. हितं कुनाच्या पायाला टोचंल.” थोड्या वेळाने म्हणाले, “च्या घ्या, अशोकराव.”

चहा घेतला.  ‘अशक्या’ म्हणतील असं मला शेवटच्या घोटापर्यंत वाटत होतं.

निघालो, रस्ता ओलांडला आणि लिंबाखाली गाडीची वाट बघत उभा राहिलो. मागे वळून बघायचा धीर नव्हता, म्हणून घराकडे पाठ केली. अंगावर मोहर पडत होता. समोरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली, तिच्यामागे दुधाची गाडी. पलीकडच्या घरी कुणीतरी माइक तपासत होतं. आणि या सगळ्यातून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, आबा सुनेला सांगत होते. शब्द न् शब्द पोचत होता.

“आयकलंस का गं? माझं कान बरूबर हुतं.”